पाटीवर न मावलेला सामना

देरा, दुबई
मार्च २००३

प्रिय किसन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझा जीव वरखाली होईल, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. प्रज्ञा बरी आहे, निनाद-मुग्धा मजेत आहेत, दुकान चालू आहे. घाबरण्यासारखं काही नाही. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघं काय बोलतो ते तुला माहीत आहे. तू विचारतोस, "काय गुणवंतराव, उकाडा सुरू झाला का?" मी म्हणतो, झाला. मग फोन-कार्डातली बाई मध्येच इंग्रजीत सांगते की एक मिनिट उरलंय, आणि आपल्या दोघांनाही सुटल्यासारखं होतं. चोपड्याच्या कॉलेजच्या मैदानापासून तू मला गुण्या म्हणत आलास. तुझ्या बहिणीशी माझं लग्न लागलं आणि एका दुपारीत मी गुणवंतराव झालो. बहिणीच्या नवऱ्याला मान म्हणून तू मला जे पाहुण्याच्या पाटावर बसवलंस, ते अजून उठू दिलेलं नाहीस. आज मी त्या पाटावरून उठून लिहितोय असं समज.

महिन्यापूर्वी आपल्या टीमचा मालक, अरबाब, दुकानात आला होता. केस पार पिकलेत, पण अंगातला पांढरा, पायघोळ कंदुरा तसाच कडक इस्त्रीचा आणि अमेरिकेत शिकताना लागलेलं बेसबॉलचं वेडही तसंच. म्हणाला, अल कूझचं आपलं मैदान गेलं, तिथं गोदामं उठणार. टीम तर कधीच मोडली. आता त्याला मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, लावायला एक मोठी पितळी पाटी हवी आहे. टीमच्या इतिहासातले संस्मरणीय क्षण, वर अरबीत, खाली इंग्रजीत. "तू होतास, तूच आठव, तूच कोर," म्हणाला. मी इन्शाल्ला म्हटलं. ट्रॉफ्यांच्या धंद्यात मी पॉलिश मारणारा म्हणून शिरलो आणि आता माझीच मशिनं आहेत, पण हे काम आलं तसं कुठलंच आलं नव्हतं. पितळेला नख मारून आवाजावरून भेसळ ओळखणारा मी, पण त्या कोऱ्या पत्र्यापुढे बसून राहिलो.

सुरुवातीचं सगळं सोपं होतं रे. व्हिसावर आपण टाइल मेसन, आणि हातात एक टाइल कधी धरली नाही. त्या अख्ख्या फ्रायडे लीगमध्ये पगार घेऊन खेळणारे आपणच. बाकी जपानी कंपनीवाले, फिलिपिनो हॉस्पिटलवाले, अमेरिकन ऑइलवाले हौसेनं खेळायचे, आणि आपल्याला 'प्रोफेशनल्स' म्हणून चिडवायचे. अरबाबच्या मुंबईच्या एजंटला बेसबॉल आणि सॉफ्टबॉल एकच वाटला, म्हणून तो जळगाव जिल्ह्यातून आपल्याला उचलून घेऊन आला. पहिल्या प्रॅक्टिसला अरबाबनं तुझ्या हातात तो लहानसा चेंडू दिला. तू तो उलटासुलटा बघून मला विचारलंस, "आटलाय का रे हा?" सॉफ्टबॉलमध्ये मोठा चेंडू खालून टाकायची सवय. तू इथंही खालूनच फेकलास. अरबाब डोक्याला हात लावून खाली वाळूत बसला. पण महिनाभरात तू वरून टाकायला लागलास, आणि असा टाकायला लागलास की मास्क घालून तुझ्यासमोर बसणाऱ्या माझ्या डाव्या तळव्याची कातडी कायमची राठ झाली. अजून आहे. निनादला दाखवतो. तो म्हणतो, "सो अंकल किसन वॉज लाइक, रिअली फास्ट?" मी म्हणतो, यस बेटा, लाइक दॅट.

पाटीवर पहिला क्षण भिवाचा घेतला. तुला आठवत असेल, जपान्यांबरोबरची पहिली मॅच. त्यांनी टोप्या काढून कमरेत वाकून नमस्कार केला. आपण सगळे गोंधळलो, पण भिवा कोकणातला कबड्डीवाला, त्यानं खाली वाकून मैदानाला हात लावला आणि कपाळाला नेला. पुढच्या शुक्रवारी सगळे जपानी मैदानाला हात लावून कपाळाला नेत होते. भिवा म्हणाला, "बघा, आमच्या संगमेश्वरचं आता टोकियोला चाललं." आणि त्याच भिवानं त्या सीझनला, पिचर चेंडू टाकत असतानाच धावत येऊन, होम बेस चोरला होता. चेंडू हातात घेऊन त्याला आउट करायला आडवा उभा असलेला तो आडदांड अमेरिकन, आणि भिवा त्याच्या काखेखालून, कबड्डीत निदान रेषेला लावायचा तसा पायाचा अंगठा नुसता टेकवून पार. अमेरिकन अंपायरकडे बघून ओरडत राहिले. भिवा मात्र मांडीवर थाप मारून उभा, जणू आत्ता कोणी तरी कबड्डी कबड्डी म्हणत अंगावर येणार.

मग वाळूच्या वादळातली मॅच. ती अरबाबनंच सांगितली, पाटीवर हवीच म्हणाला. शेवटचा माणूस आउट व्हायचा होता आणि सगळं पिवळं झालं. चेंडू उंच उडाला, कोणालाच दिसेना. सगळे तोंड वर करून उभे. मी मास्क फेकून दिला आणि नुसता ऐकत उभा राहिलो. चेंडू खाली येताना शिवणीचा जो बारीक घरघर आवाज येतो, तेवढा. दोन पावलं मागे सरकलो, हात पुढे केला, आणि तो आला. त्या दिवसापासून अरबाब मला त्याच्या पाहुण्यांसमोर उभा करून सांगायचा की या माणसाचे कान बघा. मीही भाव खायचो. नायफच्या आपल्या खोलीत कोण कुठल्या कुशीवर वळलं ते मला अंधारात न बघता कळायचं. धनंजय माझ्या वरच्या बंकवर. त्याच्याकडे गावाकडचं पत्र आलं की कागद उलटल्याचा आवाज यायचा, मग खूप वेळ काहीच नाही, मग पुन्हा पहिल्यापासून कागद. तो हसला तरी मला ऐकू यायचं.

बघ, मी धनंजयचं नाव लिहिलं. तुझ्या घरात ते उच्चारत नाहीत, आणि माझ्या घरातही इतकी वर्षं उच्चारलं गेलं नाही. पत्र बाजूला ठेवू नकोस, एवढी विनंती.

त्याला गाळून बैलांची गोष्ट कशी लिहायची? कॅचरनं पिचरला बोटांच्या खुणांनी सांगायचं की पुढचा चेंडू कसला टाकायचा. पण त्या उन्हात तुला माझी बोटं दिसायची नाहीत, आणि चष्मा लावायला तू तयार नव्हतास. "चष्म्यात पिचर शाळामास्तर दिसतो." शिवाय ऑइलवाल्यांचा माणूस दुसऱ्या बेसवर पोचला की माझी बोटं वाचून आपल्या बॅटरला इशारा करायचा. तेव्हा धनंजयच म्हणाला, बोटं कशाला, तोंडानं सांगा ना. अहिराणी त्यांच्या बापाला कळणार आहे? आणि त्यानंच शब्द ठरवून दिले. 'बैल उधयना रे' म्हटलं की फास्ट. 'बैल थकना रे' म्हटलं की स्लो. 'खुटाले बांध' म्हटलं की बाहेरचा. मी होम बेसमागे बसून बोंबलायचो, तू मान हलवायचास, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभा असलेला धनंजय ते ऐकून आधीच दोन पावलं योग्य बाजूला सरकलेला असायचा. भिवाला अहिराणीतलं अक्षर कळत नव्हतं. "तुमचे बैल एकदाचे गोठ्यात घाला," म्हणायचा. एकदा अरबाबनं मला बाजूला घेऊन विचारलं, हे तुम्ही प्रत्येक चेंडूआधी काय ओरडता? मी म्हटलं, अरबाब, दुआ मागतो. त्यानं छातीवर हात ठेवून मान झुकवली. आपण खोलीवर येऊन हसून हसून लोळलो. पुढची दोन वर्षं ऑइलवाले आपल्याविरुद्ध एकही मॅच जिंकले नाहीत. त्या दोन्ही वर्षांचे विजय पाटीवर कोरलेत, तारखेसकट.

आणि मग शहाण्णवची फायनल, ऑइलवाल्यांशीच.

ती आपल्या सर्वांना पाठ आहे, तरी लिहितो, कारण मला पाटीवर ती लिहिता आली नाही. त्या दिवशी मी 'बैल थकना' म्हटलं आणि तू स्लो टाकलास की बॅटर जणू तयारच. इतर चेंडूंवर ते चाचपडत होते, पण स्लो एकही सोडला नाही. एक तर थेट सिमेंटच्या गाड्यांपलीकडे जाऊन पडला. बॅटला चेंडू लागल्याचा तो आवाज अजून कानात आहे, असा पूर्ण, भरीव, की मान वळवून बघायचीही गरज नव्हती.  परतताना बसमध्ये तू पुढच्या सीटवरून एकदाच मागे बघितलंस आणि म्हणालास, "आपल्यातल्याच कोणीतरी बैल विकले." बस चालवत होता धनंजय. त्यानं नुसता गिअर बदलला. त्याचं इंग्रजी चांगलं, मॅचनंतर त्या अमेरिकनांच्या गाडीला टेकून पेप्सी पीत गप्पा मारणारा आपल्यातला तो एकटा. आणि दीड-दोन महिन्यांनी त्यानं ऑइलवाल्यांच्याच कंपनीत स्टोअरकीपरची नोकरी धरली. तेव्हा तुला आणखी पुरावा लागला नाही. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कोणालाच लागला नाही. अहिराणी समजणारे आपण तिघंच होतो. तू नाहीस, मी नाही. हिशेब इतका सरळ होता की कोणी पुन्हा मांडून बघितलाच नाही.

पुढचं तू केलंस ते गावादेखत. आदल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, प्रज्ञाचा आणि त्याचा साखरपुडा झाला होता. ती पत्रं, तो वरच्या बंकवरचा कागद, ती सगळी तिचीच. तू सुट्टीवर गेलास, साखरपुड्याचं लुगडं आणि नारळ घेऊन भर बाजाराच्या दिवशी धनंजयच्या बापाच्या दारात ठेवलास आणि म्हणालास, "जो खेळ विकतो तो उद्या माझी बहीणही विकेल." हे वाक्य मला भिवानं नाही सांगितलं, तूही नाही. ते इथं सोनापूरच्या मजूर-कॅम्पात, चोपड्याकडून नव्या आलेल्या पोरांच्या तोंडी ऐकलं. इतकं ते गाजलं. त्याच्या आईला बायका विहिरीवर 'बैलवाली' म्हणायला लागल्या. मग तू मला फोन केलास. "गुण्या, सगळ्या टीममध्ये तू एकटा सरळ निघालास. प्रज्ञीला तुझ्याच पदरात घालतो." मी हो म्हटलं. त्या एका 'हो'चा आवाजही मला आठवतो. इतका हिशेबी माणूस मी, पितळेची पट्टी घेताना चार दुकानं फिरतो, आणि त्या दिवशी एक प्रश्न विचारला नाही. ती काय म्हणते, एवढासुद्धा नाही. तूही विचारलं नव्हतंस. मायनं विचारलं असेल असं आपण दोघं परस्पर धरून चाललो.

आणि मी सुखी झालो रे किसन. हे लिहायला मला लाज वाटत नाही, पण जड जातं. तुझी बहीण करामाच्या त्या दोन खोल्यांत आली आणि माझ्या आयुष्याला आकार आला. दुकानाचं नाव तिचं, रंग तिचा, अरबीतल्या पाट्या वाचायला ती शिकली आणि मला शिकवलं. शुक्रवारी ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करते तेव्हा खालच्या मजल्यावरचा मल्याळी वरण-ठेच्याच्या वासानं दार वाजवतो. मला वाटायचं, तुझी हरलेली फायनल हीच माझ्या घराची पायाभरणी. असं एकदा थट्टेत तिला म्हणालोही होतो. ती हसली. पण ते हसणं मी ऐकलं होतं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता मुद्द्याचं. दोन आठवड्यांपूर्वी दुकानात एक गोरा म्हातारा आला. निरोपसमारंभासाठी घड्याळ आणि शिल्ड हवं होतं. "मला ओळखलं नाहीस? त्या मास्कच्या मागून तुला शिव्या देताना मी ऐकलंय," म्हणाला. कार्ल. ऑइलवाल्यांचा कोच, तो तांबड्या मिशांचा, आता मिशा पांढऱ्या. चहा मागवला, जुन्या मॅचेस निघाल्या, अरबाबची पाटी दाखवली. त्यानं बोटानं ओळी वाचल्या, भिवाच्या चोरीवर खदाखदा हसला. आणि मग सहज म्हणाला, "एक गोष्ट इतकी वर्षं मनात आहे, जाण्यापूर्वी सांगून टाक. प्रत्येक चेंडूआधी तुम्ही ती जी प्रार्थना म्हणायचात, तिचा अर्थ काय?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी विचारलं, प्रार्थना? म्हणाला, हो, आम्ही तुमच्या त्या शॉर्टस्टॉपला, डॅनीला, किती वेळा विचारलं. तो माझ्याकडे कामाला लागल्यावरसुद्धा विचारलं. तो एकच सांगायचा, ती आमच्या गावाकडची प्रार्थना आहे, तिची चेष्टा करायची नसते. आम्ही मग विचारणं सोडलं.

डॅनी म्हणजे आपला धनंजय. अरबाबला फसवायला मी जी थाप मारली होती, तीच त्यानं त्यांच्यासमोर धरून ठेवली. त्यांचा पगार खात असतानाही.

मी कप खाली ठेवून विचारलं, मग फायनलला आमचे स्लो तुम्हाला कसे कळत होते? कार्ल मोठ्यानं हसला, आणि दोन्ही गाल फुगवून दाखवले, चुलीत फुंकर घालायच्या आधी बाई फुगवते तसे. "तुमचा पिचर! स्लो टाकायचा असला की त्याचे गाल फुगायचे. आमच्या एका पोराच्या लक्षात आलं, फायनलच्या आदल्या मॅचला. मग काय, आम्ही फक्त गाल बघत होतो."

मी विश्वास ठेवला नाही. तुझ्यासमोर, इतक्या वर्षांत इतक्या चेंडूंना, तुझ्या तोंडाकडे तोंड करून मीच तर बसायचो. शुक्रवारी दुपारी जेवून मुलं झोपली होती. अरबाबनं पाटीसाठी दिलेली फायनलची व्हिडिओ कॅसेट लावली आणि मुलं उठू नयेत म्हणून आवाज पार बंद केला. किसन, मी ती मॅच पहिल्यांदाच बघितली. आवाज नव्हता, म्हणून बघितली. मी ओरडतोय, तू मान हलवतोयस, पाय उचलतोयस, आणि गाल गपकन फुगतायत. फास्टला नाही. बाहेरच्याला नाही. बैल थकला की दर वेळी. गोट्या भरल्यासारखे. मास्कमागे बसून मी तेव्हा काय करत होतो? ऐकत होतो. चेंडू हातातून सुटल्याचा आवाज, पायाचा आवाज, बॅटचा आवाज. कानांचं एवढं कौतुक झालं होतं की डोळे उघडे आहेत याचाच विसर पडला. आपण भाषेभोवती कुंपण घालून बसलो, कोण फोडतो म्हणून आपल्यातच चोर शोधला, आणि सगळं तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. अंगाची खोड माणसाला स्वतःला कशी दिसणार? पण मागे बघितलं तर प्रज्ञा उभी होती. केव्हा आली ते मला, एवढ्या कानांच्या माणसाला, कळलं नाही. ती पडद्याकडे बघत होती.  कॅसेट संपल्यावर म्हणाली, "भाऊचे गाल फुगतायत." मी म्हटलं, हो. म्हणाली, "लहानपणापासून फुगतात. मायच्या बरणीतलं लोणचं खाऊन 'मी नाही' म्हणायचा तेव्हा फुगायचे. काही लपवायचं असलं की फुगतात. मी चोपड्याला त्याच्या मॅचेस बघायला यायचे, तिथंही फुगायचे." कॅसेट बाहेर काढून म्हणाली, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मला कोणी काही विचारलंच नाही." तिच्या आवाजात राग असता तर मी निभावून नेलं असतं. तो नव्हता. नुसतं सांगितल्यासारखं सांगितलं, भाजी संपलीय असं सांगावं तसं, आणि मुलांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला आत गेली.

त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात सगळं नेहमीसारखं होतं, आणि मी कान बंद करून वावरत होतो. ती कपाट उघडे, मी तिकडे लक्ष देत नसे. फोन वाजला की मी बाथरूमचा नळ सोडत असे. मला भीती वाटत होती रे, की हिच्या मनातलं काहीतरी मला ऐकू येईल. ज्या माणसाला ती एकदा हो म्हणाली होती, तो निर्दोष होता. मग मी कोण? त्याच्या जागी बसलेला. मागे एकदा कामाला लांब रुवैसला गेलो होतो, तिथं भर सुपरमार्केटात धनंजय भेटला. रंभा, त्याची बायको, सोबत होती, आणि शुभ्रा नावाची छोटी मुलगी. त्यानं माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "किसनचा खांदा कसा आहे? दुखायचा ना त्याचा." मी म्हटलं, बरा आहे. तो म्हणाला, "त्याला सांग, शेक घेत जा." तो निरोप मी तुला कधी दिला नाही. आज देतो.

आता का लिहितोय ते. धनंजय कायमचा गावी परततोय. त्यानं आपल्या गावाच्या वेशीजवळ घर बांधलंय, येत्या आखाजीला वास्तुशांत आहे. धनंजयशी अजून बोलणं ठेवलेल्या भिवाकडून कळलं की पत्रिका गेल्या, पण गावात कुजबुज आहे, बैलवाल्यांच्या घरी कोण जेवणार, किसन जाईल तरच जाऊ. काल संध्याकाळी मुलं खाली खेळत होती. प्रज्ञा गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिला विचारलं, तुला काय हवंय?  तिनं मुग्धाच्या फ्रॉकची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता ती जे म्हणेल ते ऐकायला मी तयार नाही, पण ऐकायचंच. म्हणाली, "आखाजीला माहेरी जाईन. त्या वास्तुशांतीला जाईन. सगळ्यांच्या देखत दारातून आत जाऊन त्याच्या आईच्या पाया पडेन, आणि जेवून येईन. काही परत मागायला नाही जायचंय मला, जे होतं ते संपलं, तुमच्या घरात मी राहिले ती राहायचं म्हणून राहिले. पण लुगडं ज्या दारात ठेवलं त्या घरात जाताना माझा भाऊ माझ्याबरोबर असावा. तुम्ही त्याला लिहा. तो आला तर त्याच्या बरोबर, नाही आला तर मुलांना घेऊन एकटी." तिकिटं काढलीत. मीही येतोय, पण त्या दारापर्यंत तिच्या शेजारी चालायचा मान माझा नाही, तो तुझा. पाटीवर ती फायनल मी कोरलेली नाही, शेवटची ओळ कोरी ठेवलीय. अरबाबला सांगितलं, आखाजीनंतर देतो. तू दारात उभा राहून काय बोलायचंस ते मी सांगणार नाही. फक्त बोलताना गाल फुगू देऊ नकोस, सगळं गाव बघत असेल, आणि या वेळी मीही डोळे उघडे ठेवून बघत असेन.

पाहुणा म्हणून नव्हे, तुझ्यासमोर मास्क घालून बसायचा तो,
तुझाच
गुण्या